जनुक एकच, बियाणे निराळे

भारतात जीएम अन्नाला परवानगी नाही, असे सर्रास सांगितले जाते. कागदावर ते खरे आहे. 2002 पासून आजवर शेतकऱ्याच्या शिवारात कायदेशीर वाटेने पोचलेले जनुकीय परिवर्तित (जीएम) पीक एकच, ते म्हणजे बोंडअळी रोखणारा बीटी कापूस. पण कापसातून रुई निघते तशी सरकीही निघते. सरकीचे तेल फरसाणाच्या कढयांत आणि डब्यांत वर्षानुवर्षे आहे, सरकीची पेंड दुभत्या जनावरांच्या गव्हाणीत आहे. अर्जेंटिना आणि ब्राझीलमधून आपल्याकडे जे सोयाबीन तेल येते, ते ज्या सोयाबीनचे असते तेही जवळजवळ सगळे जीएम असते. ऑगस्ट 2021 मध्ये कोंबडीखाद्य महागले तेव्हा केंद्र सरकारने 12 लाख टन जीएम सोयापेंड आयात करायला मुभा दिली. शुद्ध केलेल्या तेलात जनुक किंवा त्याने तयार केलेले प्रथिन जवळजवळ उरत नाही, म्हणून हे तेल खाणे आणि बीटी वांग्याची भाजी खाणे एकच आहे असे कोणी म्हणू नये. तरीही जीएम आपल्या अन्नसाखळीत येऊ द्यायचे की नाही, हा प्रश्न आता उशिराचा झाला आहे. ते आले आहे. ते कोणत्या स्वरूपात, कोणाच्या मालकीचे होऊन आणि कोणाच्या देखरेखीखाली आले, हे विचारायचे मात्र राहून गेले.

गेली तीस वर्षे हा वाद दोन टोकांवरून चालला आहे. एक बाजू म्हणते, जीएमशिवाय जगाचे पोट भरणार नाही. दुसरी म्हणते, जीएम खाल्ले तर शरीराची हानी होईल. उपलब्ध पुरावा पाहता माझे मत असे की, या दोन्ही बाजूंनी आपला सर्वांत दुबळा मुद्दा सर्वांत मोठ्या आवाजात मांडला आहे. भुकेचे आश्वासन फारसे पाळले गेलेले नाही आणि विषाची भीती खरी ठरलेली नाही. ज्या गोष्टींनी शेतकऱ्याचे खरोखर बरेवाईट झाले, त्या या दोन घोषणांच्या मध्ये कुठेतरी आहेत. बियाणे संकरित आहे की सरळ वाणाचे, ते घरी राखता येते का, किडीत प्रतिकारशक्ती येऊ नये म्हणून कोण लक्ष ठेवते, आणि चाचणीचे आकडे कोणाच्या कपाटात आहेत, या त्या गोष्टी.

आधी भीतीबद्दल. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने 2016 मध्ये नऊशेहून अधिक अभ्यास तपासून अहवाल दिला. बाजारात आलेल्या जीएम पिकांचे अन्न पारंपरिक वाणांच्या अन्नापेक्षा आरोग्याला अधिक धोकादायक असल्याचा पुरावा त्यांना सापडला नाही. 2012 मध्ये फ्रान्समधील सेरालिनी यांचा, जीएम मका खाणाऱ्या उंदरांना गाठी झाल्याचे सांगणारा निबंध जगभर गाजला. प्रयोगातील उंदरांची संख्या तुटपुंजी होती आणि त्यांची जातच मुळात गाठी होणारी होती. पुढच्याच वर्षी त्या नियतकालिकाने निबंध मागे घेतला. त्यावरून प्रत्येक नवे जनुक आपोआप निर्धोक ठरत नाही. प्रत्येक पीक स्वतंत्रपणे तपासले पाहिजे, आणि अकादमीच्या अहवालाचा आग्रहही तोच होता. मात्र आरोग्याच्या भीतीवर सगळा विरोध उभा केला, तर तो एका चांगल्या प्रयोगाने कोसळतो आणि त्याच्याबरोबर रास्त आक्षेपही वाहून जातात. तणनाशक सहन करणाऱ्या पिकांबरोबर ग्लायफोसेटचा वापर वाढला, आणि त्या रसायनाला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने 2015 मध्ये ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात टाकले. हा आक्षेप जनुकाबद्दलचा नाही, शेती करण्याच्या पद्धतीबद्दलचा आहे, आणि तो गंभीर आहे.

आता भुकेबद्दल. 2019 मध्ये जगात सुमारे 19 कोटी हेक्टरवर जीएम पिके होती आणि त्यातले 90 टक्क्यांहून अधिक क्षेत्र अमेरिका, ब्राझील, अर्जेंटिना, कॅनडा आणि भारत या पाच देशांत होते. पिके प्रामुख्याने चारच: सोयाबीन, मका, कापूस आणि कॅनोला. या सोयाबीन-मक्याचा मोठा वाटा जनावरांच्या खाद्यात आणि इथेनॉलच्या कारखान्यांत जातो. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या अंदाजानुसार 2023 मध्ये जगातले 71 ते 76 कोटी लोक भुकेले होते आणि 2022 मध्ये 280 कोटींहून अधिक माणसांना सकस आहार परवडत नव्हता. परवडत नव्हता, हे इथे महत्त्वाचे. आपल्याच देशात सरकारी गोदामांत धान्याचे साठे ओसंडत असताना मुलांचे कुपोषण कायम आहे. भूक बहुतेक ठिकाणी क्रयशक्तीच्या अभावातून, युद्धातून, मोडक्या वितरणातून येते आणि त्यावर कोणत्याही बियाण्याचा उतारा नाही. 2002 मध्ये दुष्काळाच्या तोंडावर झांबियाने मदत म्हणून आलेला जीएम मका नाकारला. त्या वेळी एका बाजूने त्याला खलनायक ठरवले आणि दुसऱ्या बाजूने नायक. दळलेला मका चालेल, अख्खे दाणे नकोत, कारण शेतकरी ते पेरतील, असे त्या भागातल्या इतर काही देशांनी म्हटले. ती भूमिका दोन्ही टोकांपेक्षा शहाणी होती, आणि तिची चर्चा सर्वांत कमी झाली.

कोणी म्हणेल, उत्पादन वाढले तर किंमत उतरते आणि गरिबाला खाता येते, मग उत्पादनाला कमी का लेखायचे? हा युक्तिवाद बरोबर आहे, फक्त तो पुराव्यावर घासून पाहिला पाहिजे. क्लुम्पर आणि काइम या अर्थशास्त्रज्ञांनी 2014 मध्ये जगभरातल्या अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले. जीएम पिकांमुळे सरासरी उत्पादन 22 टक्के वाढले, रासायनिक कीडनाशकांचा वापर 37 टक्के घटला आणि नफा 68 टक्के वाढला, असा त्यांचा निष्कर्ष होता. फायदा विकसनशील देशांत आणि कीडरोधक पिकांत अधिक दिसला. उलट अमेरिकी अकादमीच्या त्याच अहवालात असेही नोंदवले आहे की, जीएम आल्यानंतर अमेरिकेत मका, सोयाबीन, कापसाच्या उत्पादकतावाढीचा वेग पूर्वीपेक्षा वाढल्याचे देशपातळीवरच्या आकड्यांत दिसत नाही. दोन्ही निष्कर्ष एकत्र खरे असू शकतात. कीड ज्या वर्षी, ज्या प्रदेशात पीक खाते, तिथे कीडरोधक जनुक नुकसान वाचवते. ते पिकाची मूळ क्षमता वाढवत नाही. हा फरक लक्षात ठेवून भारतीय कापसाकडे पाहिले पाहिजे, कारण जगातल्या कोणत्याही देशापेक्षा आपल्याकडचा अनुभव अधिक बोलका आहे.

मार्च 2002 मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली. देशाचे उत्पादन तेव्हाच्या सुमारे 136 लाख गाठींवरून 2013-14 मध्ये 398 लाख गाठींवर गेले. हिरव्या बोंडअळीसाठी होणाऱ्या फवारण्या खरोखरच कमी झाल्या, आणि ते श्रेय नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. पण सगळे श्रेय जनुकाचेही नव्हते. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे माजी संचालक केशव क्रांती आणि ग्लेन स्टोन यांनी 2020 मध्ये वीस वर्षांच्या आकड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. उत्पादकतेतली मोठी उडी खतांचा वाढलेला वापर, गुजरातेतले सिंचन आणि नवी कीटकनाशके यांच्याशी अधिक जुळते, असे त्यांनी दाखवले. पुढे रस शोषणाऱ्या किडी वाढल्या, फवारणीचा खर्च पुन्हा चढला आणि उत्पादकता थबकली. आज ती हेक्टरी साडेचारशे किलो रुईच्या आसपास घुटमळते, जागतिक सरासरीच्या बरीच खाली. 2017 च्या हंगामात एकट्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. फवारणी संपवायला आलेल्या पिकाच्या शेतात हे घडले.

त्याच हंगामात विदर्भ-मराठवाड्यात गुलाबी बोंडअळीने कापसाची बोंडे आतून पोखरली. पहिल्या पिढीच्या बीटीला ही अळी दाद देत नसल्याचे गुजरातमधून 2010 मध्येच जाहीर झाले होते, आणि दोन जनुकांच्या दुसऱ्या पिढीलाही ती पुढच्या चार-पाच वर्षांत सरावली. याच अळीचा अमेरिकेने 2018 मध्ये पूर्ण नायनाट झाल्याचे जाहीर केले. तेही बीटी कापूस आणि नपुंसक पतंग सोडण्याची मोहीम यांच्या जोडीने. जनुके त्याच जातीची आणि अळीही तीच असताना एका देशात तिचा निःपात झाला आणि दुसऱ्या देशात ती मातली. कारणे शेतात शोधावी लागतात. जगात बहुतेक ठिकाणी कापूस सरळ वाणाचा, कमी दिवसांचा आणि दाट पेरलेला असतो. भारतात कंपन्यांनी बीटी जनुक आणले ते संकरित वाणांत. संकरित वाणाचे बियाणे घरी राखून चालत नाही, ते दरवर्षी विकत घ्यावे लागते, आणि कंपनीच्या दृष्टीने तोच त्याचा गुण. महाग बियाणे विरळ टोकले जाते, झाड फोफावते, पीक सहा-सात महिने उभे राहते. त्यावर फरदड घेतली, म्हणजे वेचणीनंतर तीच झाडे राखून पुन्हा पीक घेतले, की अळीला जवळपास वर्षभर खायला मिळते. शिवाय संकरित झाडाच्या बोंडातल्या सगळ्या सरक्यांत बीटीचे प्रथिन नसते. काही सरक्यांत ते असते, काहींत नसते, आणि सरकी खाणाऱ्या गुलाबी अळीला सरावाची शाळाच मिळते. बीटीच्या पाकिटाबरोबर कडेने लावायला 120 ग्रॅम बिगरबीटी बियाणे दिले जाई. अळीच्या पिढीत प्रतिकार पसरू नये म्हणून ती तरतूद होती. अनेकदा ते बियाणे निकृष्ट असे, आणि चांगले असले तरी चार-पाच एकरांच्या कोरडवाहू शेतकऱ्याने आपल्या रानाच्या कडा अळीसाठी सोडाव्यात, ही अपेक्षा कोणी समजावून सांगितली नव्हती. किंमत आणखी वेगळी. सुरुवातीच्या वर्षांत 450 ग्रॅमचे पाकीट 1600 रुपयांच्या वर होते. आंध्र प्रदेश सरकार 2006 मध्ये मक्तेदारी आयोगाकडे गेले तेव्हा ते 750 वर आले. एका राज्याने तक्रार करताच किंमत निम्म्याहून खाली येते, यावरून आधीची किंमत कशाची होती ते कळते.

आत्महत्यांचा मुद्दा इथे टाळता येत नाही. विदर्भात शेतकरी आत्महत्या बीटी येण्यापूर्वी, नव्वदच्या दशकातच सुरू झाल्या होत्या. कर्ज, कोरडवाहू शेती, पडते भाव आणि सावकारी ही त्यांची मुळे आहेत. बीटीने त्या घडवल्या असे म्हणायला आधार नाही. पण महागडे बियाणे घेऊन पाऊस हुकला तर जोखीम वाढते, आणि ती जोखीम पूर्णपणे शेतकऱ्याच्या खांद्यावर टाकली गेली, हे खरेच आहे.

सरकारी क्षेत्राने दुसरी वाट काढायचा प्रयत्न केला होता. नागपूरची कापूस संशोधन संस्था आणि धारवाडचे कृषी विद्यापीठ यांनी ‘बिकानेरी नरमा’ या सरळ वाणात बीटी जनुक घातले. शेतकऱ्याला राखून पुन्हा पेरता येईल असे स्वस्त बियाणे 2009 च्या हंगामात बाजारात आले. लगेचच ते मागे घ्यावे लागले, कारण त्यात खासगी कंपनीच्या जनुकाचा अंश आढळला. चौकशी समिती बसली, अहवाल आला, आणि शासकीय बीटीचा प्रवास वर्षानुवर्षे रखडला. माझ्या मते भारतातल्या जीएम वादातली सर्वांत महाग पडलेली घटना ही आहे, आणि तिच्यावर ना समर्थकांनी मोर्चा काढला ना विरोधकांनी. एका प्रयोगशाळेतली ढिलाई लाखो कापूस उत्पादकांना पुढची पंधरा वर्षे पाकिटाच्या दुकानदाराकडे बांधून गेली.

वांग्याची गोष्ट याच्या शेजारी ठेवून पाहावी. जालन्याच्या महिकोने तयार केलेल्या बीटी वांग्याला ऑक्टोबर 2009 मध्ये जनुकीय अभियांत्रिकी समितीने हिरवा कंदील दाखवला. तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी नागपूरसह सात शहरांत जाहीर सुनावण्या घेतल्या आणि 9 फेब्रुवारी 2010 रोजी स्थगिती दिली. भारत ही वांग्याची मायभूमी आहे, जळगावच्या भरिताच्या वांग्यापासून कितीतरी स्थानिक वाण इथे आहेत, चाचण्यांचे आकडे कंपनीचेच आहेत, असे आक्षेप त्यात होते. ते रास्त होते आणि लोकांना ऐकून निर्णय घेणे हेही योग्य होते. चूक पुढे झाली. स्वतंत्र चाचण्या व्हाव्यात, स्वायत्त नियामक उभा राहावा, हे स्थगितीच्या आदेशात सुचवलेले काम कोणीच केले नाही. नियामकाचे विधेयक 2013 मध्ये लोकसभेत आले आणि निवडणुकीबरोबर बुडाले. महिकोच्या संकरित वांग्याबरोबर कोइम्बतूर आणि धारवाडच्या कृषी विद्यापीठांनी तेच जनुक सरळ वाणांत घातले होते, ती वांगीही त्याच स्थगितीत अडकली.

बांगलादेशने तेच जनुक घेतले, पण आपल्या शासकीय संशोधन संस्थेच्या सरळ वाणांत. ऑक्टोबर 2013 मध्ये परवानगी आणि जानेवारी 2014 मध्ये पहिल्या 20 शेतकऱ्यांना रोपे. सुरुवातीला काही शेतांत मर रोगाने रोपे गेली, कारण जनुक अळीपासून वाचवते, मर रोगापासून नाही. पुढे मात्र ही वांगी हजारो शेतकऱ्यांपर्यंत गेली. आंतरराष्ट्रीय अन्न धोरण संशोधन संस्थेच्या चाचणीत शेंडे आणि फळ पोखरणाऱ्या अळीवरच्या फवारण्या घटल्याचे आणि विकण्याजोगे उत्पादन वाढल्याचे दिसले. या प्रकल्पामागे अमेरिकी मदतीचा पैसा होता, म्हणून तो संशयास्पद आहे, असा आक्षेप घेतला जातो. पैसा कुणाचा होता हे विचारलेच पाहिजे. पण त्याहून मोठा प्रश्न असा की, हंगाम संपल्यावर बियाणे कुणाच्या घरी राहिले? इथे ते शेतकऱ्याच्या घरी राहिले. वांगे हे आपल्याकडे वारंवार फवारले जाणारे पीक आहे. त्या फवारणीचा अंश खाणारा ग्राहक आणि पाठीवर पंप घेऊन फिरणारा मजूर, दोघांचाही विचार जैवविविधतेच्या विचाराबरोबर तराजूत पडायला हवा होता.

हा धागा इतरत्रही दिसतो. नायजेरियाने 2019 मध्ये शेंग पोखरणाऱ्या अळीला तोंड देणारी चवळी लागवडीसाठी मंजूर केली. गरीब घरातले ते रोजचे प्रथिन. बियाणे तिथल्या शासकीय संस्थेचे, सरळ वाणाचे. याउलट बुर्किना फासोने बीटी कापूस 2008 मध्ये घेतला आणि 2016 पर्यंत सोडला. अळी गेली, पण धाग्याची लांबी घटली आणि निर्यातीत भाव पडला. ‘गोल्डन राइस’चा अनुभव विरोधकांनी नीट वाचावा असा आहे. इंगो पोट्रिकस आणि पीटर बायर यांचा हा ‘अ’ जीवनसत्त्व पुरवणारा भात 2000 मध्ये जाहीर झाला. गरीब शेतकऱ्याला तो शुल्काशिवाय मिळावा अशी सोय केली गेली. फिलिपिन्सने 2021 मध्ये लागवडीला परवानगी दिली आणि 2024 मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने ती रोखली. मालकीचा प्रश्न इथे बऱ्याच अंशी सुटला होता, तरी विरोध तसाच राहिला. म्हणजे काहींचा विरोध मालकीला नव्हताच. पण समर्थकही सगळा उशीर आंदोलकांच्या माथी मारतात, तेही खरे नाही. आधी निवडलेल्या वाणाने शेतात नीट उत्पादन दिले नाही, म्हणून संशोधकांना पुन्हा सुरुवात करावी लागली होती.

महाराष्ट्रात आज खरा पेच तणनाशक सहन करणाऱ्या कापसाचा आहे. विदर्भात त्याला ‘चोर बीटी’ म्हणतात. परवानगी नसताना तो राजरोस विकला जातो, आणि जून 2019 मध्ये अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहांगीर इथे शेतकरी संघटनेने तो उघडपणे पेरून सविनय कायदेभंग केला. निंदणाला माणसे मिळत नाहीत, मिळाली तर मजुरी परवडत नाही, हा शेतकऱ्याचा युक्तिवाद पोकळ नाही. पण निंदणाची मजुरी ही भूमिहीन बायकांच्या घरची मिळकत आहे, आणि सततच्या ग्लायफोसेटने तणेच न जुमानणारी होतात, हे अमेरिकेच्या कापूसपट्ट्याने पाहिले आहे. हे पीक द्यावे की नाही यावर माझा कल नकाराकडे आहे. पण बंदीचे आजचे रूप सर्वांत वाईट आहे. चोरीच्या बियाण्याला ना लेबल, ना पावती, ना उगवणीची हमी, आणि फसलेल्या शेतकऱ्याला दाद मागायला जागा नाही.

रसायने आणि जीएम दोन्ही नकोत, मिश्र पिके, मित्रकीटक आणि देशी वाण यांवरच भर द्या, असे म्हणणाऱ्यांशी माझा मूळ वाद नाही. ती दिशा योग्य आहे आणि तिला सरकारी पैसा फार कमी मिळतो. मतभेद ‘च’ला आहे. अळीरोधक सरळ वाण हे त्या पद्धतीच्या आड येत नाही, उलट फवारणी कमी करून मित्रकीटकांना वाचवते. नियमनामुळे विज्ञान गुदमरते, या दुसऱ्या बाजूच्या तक्रारीला कापसाच्या वीस वर्षांनी उत्तर दिले आहे. परवानगी मिळाली, देखरेख मिळाली नाही, आणि विज्ञान त्यामुळेच वाया गेले.

आता दोन निर्णय दारात आहेत. दिल्ली विद्यापीठात सरकारी पैशातून तयार झालेल्या ‘धारा’ मोहरीला ऑक्टोबर 2022 मध्ये पर्यावरणीय मुभा मिळाली, पण जुलै 2024 मध्ये त्या मुभेबाबत सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींत मतभेद झाला. राष्ट्रीय धोरण करा, एवढ्यावर मात्र दोघांचे एकमत झाले. मे 2025 मध्ये भारतीय कृषी संशोधन परिषदेने जनुक-संपादित भाताचे दोन वाण जाहीर केले. त्यात परके जनुक नसल्याने त्यांना जीएमची नियमावली लागू नाही. मोहरी सरकारी असली तरी संकरित आहे, आणि तिच्यातले एक जनुक तणनाशक सहन करणारे आहे. म्हणून नुसत्या ‘स्वदेशी’ शिक्क्यावर तिला सूट देता येणार नाही. केंद्राने न्यायालयाने सांगितलेल्या राष्ट्रीय धोरणात चार गोष्टी लिहाव्यात: सरकारी पैशातून झालेले प्रत्येक जनुक सरळ वाणातही उपलब्ध करणे, चाचणीचे सगळे आकडे मराठीसह प्रादेशिक भाषांत खुले करणे, वाण शेतात गेल्यावर किमान दहा वर्षे किडीवर लक्ष ठेवणारी आणि वाण मागे घेण्याचा अधिकार असलेली स्वायत्त यंत्रणा, आणि पाकिटावर स्पष्ट लेबल. खासदार-आमदारांकडे मागणी करायची ती याची करावी. नागपूरची कापूस संशोधन संस्था आपल्याच राज्यात आहे. बीटी सरळ वाणांचे बियाणे शिवारापर्यंत कधी पोचवणार, हा प्रश्न महाराष्ट्राच्या शेतकऱ्यांनी आणि ग्राहकांनी तिला दर हंगामाला विचारावा.